वाघोलीची साडेपाचची बस

शुक्रवार, ६ फेब्रुवारी २००९

वाचन झालं! अप्पा बळवंत चौकातल्या त्या क्लासच्या हॉलमध्ये. फळ्यावर कुणाची तरी ट्रिग्नॉमेट्री तशीच. माणसं मोजावीत इतकी नव्हतीच. ज्या कथेत नायक नाही, नाव नाही, फक्त कुणामुळे काय झालं एवढंच आहे — ती वाचली. एक काका शेवटी उठले. 'छान होतं. पण घडलं काय?' मी म्हटलं, घडत काही नाही, संबंध बदलतात. 'म्हणजे आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखं!' आणि गेले चप्पल घालून.

सत्या आली!! यावेळी दमच दिला होता तिला. वाघोलीच्या कॉलेजात चार वर्षं एका बाकावर काढली आम्ही, आता एकाच कंपनीत आहोत, आणि ही बाई माझ्या एकाही वाचनाला आली नव्हती. नेहमीचंच — 'काम आहे गं.' आज नाही आलीस तर मैत्री खलास, म्हटलं. मी हाफ डे टाकून इथे, आणि ती थेट हिंजवडीहून. घामाघूम. ओढणी कुठल्या कुठे. पहिल्या रांगेत बसली. नंतर म्हणते, 'मला काही कळलं नाही, पण वाचताना तू वेगळीच दिसून राहिली होती.' अकोला काही तिच्या तोंडातून जात नाही.

डीपी, आमचा मॅनेजर, येतो म्हणाला होता. नाही आला.

रविवार, ८ फेब्रुवारी

सकाळी डीपीचा फोन. 'सगळे ऑफिसला या. तू पण.'

मी? मी टेक्निकल रायटर! मी मॅन्युअल लिहिते, जी कुणी उघडत नाही. पण गेले. रविवारचं हिंजवडी — रस्ता मोकळा, म्हशी निवांत, काचेच्या बिल्डिंगा रिकाम्या. आमचा मजला मात्र लग्नघर झालेला.

झालं ते असं. शुक्रवारी आपलं नवं सॉफ्टवेअर इंग्लंडच्या क्लायंटकडे गेलं. त्यांची घरगुती वस्तूंची दुकानं आहेत. तेव्हापासून प्रत्येक ऑर्डर दोनदा जातेय. गादी मागवली, दोन गाद्या. एका बाईच्या दारात दोन कमोड. एका माणसाने म्हणे फोन करून सांगितलं, तुमचे दोन डबलबेड आले, पण मला बायको एकच आहे. आधी सगळे हसले. मग कुणीतरी म्हणालं, क्लायंट गेला तर अख्खा मजला जाईल. मंदी आहे. शेजारच्या कंपनीतून गेल्या महिन्यात माणसं खोके घेऊन बाहेर पडताना आम्ही याच काचेतून पाहिली होती.

मग कुणी हसलं नाही.

सोमवार, ९ फेब्रुवारी

डीपी ग्रेट आहे. हे मी लिहून ठेवते. (दत्तप्रसाद म्हटलेलं त्याला आवडत नाही. 'ते आईसाठी.')

कॉन्फरन्स रूमची एक अख्खी भिंत त्याने पांढऱ्या कागदाने मढवून घेतली. सगळे उभे. क्लायंट ओरडतोय, वरचे ओरडतायत, आणि हा शांत. 'कुणी केलं — हा प्रश्न या खोलीत विचारायचा नाही. कसं झालं, एवढंच. माणूस बदलला तरी तीच चूक परत होणार असेल, तर चूक माणसाची नाही, रचनेची आहे. भिंतीवर नावं नाहीत. फक्त बाण. यामुळे ते, त्यामुळे हे.'

अंगावर काटा! ही माझी कथा आहे! नायक नाही, खलनायक नाही, फक्त बाण!

त्याच्याही ते लक्षात होतं. सगळ्यांसमोर म्हणाला, 'राजनंदिनी सगळ्यांशी बोलेल आणि भिंत लिहील. ती गोष्टी लिहिते. आणि लोक तिच्याशी खरं बोलतात.'

मंगळवार, १० फेब्रुवारी

बाबांना सांगितलं. दुकानात कपॅसिटर मोजत होते. तपकीर गल्लीत पंचवीस वर्षं सुटे भाग विकून बाबांना माणसंही सुट्या भागांसारखीच दिसतात.

'म्हणजे भिंतीवर चित्रं काढायचा पगार?'

'चित्रं नाहीत हो बाबा. सिस्टिम.'

'बरं. बालवाडीतही हेच करायचीस. आम्हीच उगाच इंजिनिअरिंगला घातलं.'

बुधवार, ११ फेब्रुवारी

काय बोलतात लोक! नाव नाही म्हटलं की घडाघडा.

एक जण म्हणाला, मागच्या वेळी गोंधळ झाला तेव्हा तपासणीच्या तक्त्यात चार रकाने वाढवले. प्रत्येक रकान्यात टिक करायची. वेळ तेवढाच. मग काय, न बघता टिक. दुसरी म्हणाली, टिक आहे म्हणजे मागच्याने बघितलंय असं धरून मी पुढे पाठवते. तिसरा — अगं, मी तर पुढची बघेल म्हणून टिक करतो!

भिंतीवर काढलं: गोंधळ → नवे रकाने → कमी वेळ → न बघता टिक → गोंधळ. गोल! शेपूट तोंडात धरलेला साप! म्हणजे प्रत्येक संकटावर केलेला उपायच पुढचं संकट आणतोय. किती वेळ त्या गोलाकडे बघत उभी होते. एवढं चांगलं वाक्य मी आजवर एकही लिहिलेलं नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सत्याशी बोलले. कँटीनमध्ये. ती टेस्टर, तिची बिल्डिंग वेगळी, त्यामुळे भेट जेवायलाच. शेवटची तपासणी तिची असते — नवं सॉफ्टवेअर घातल्यावर जुनं सगळं नीट चालतंय ना, ते पुन्हा बघायचं.

पोळीचा तुकडा किती वेळ हातातच.

'नंदू, भिंतीवर नाव नाही ना?'

'नाही गं. डीपीचा शब्द आहे.'

'अर्धंच केलं मी. त्या शुक्रवारी. ऑर्डरचा भाग राहून गेला. टिक केली आणि पळाले. साडेपाचची बस होती.'

'वाघोलीची?'

'हो.'

डोळे भरले तिचे. मी हात धरला. म्हटलं, वेडी आहेस का, हाच तर मुद्दा! बसच्या वेळेवर सॉफ्टवेअरचं रिलीज ठरतंय, ही तुझी चूक आहे का? तिने माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, 'तुझं ताक घे, गरम होऊन राहिलं.'

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

'बस → अर्धी तपासणी' असं लिहिलं. मेलेलं वाक्य. कुठली बस? कधी? वाचणाऱ्याला बस दिसली पाहिजे. खोडलं. 'त्या शुक्रवारी वाघोलीची साडेपाचची बस' लिहिलं. आता जिवंत!

डीपी मागे येऊन उभा. 'सुंदर. पण "त्या शुक्रवारी" का? त्याने एक घटना कळते. घटना नको, पॅटर्न सांग. एकदा होतं तो अपघात. पुन्हा पुन्हा होतं ती सिस्टिम.'

बरोबरच आहे. आज साडेपाचला गेटवर उभी राहून बघितलं ना — सगळ्या बिल्डिंगांतून माणसं पळत होती, आयकार्ड गळ्यात उडतायत. 'दर शुक्रवारी' केलं. एका शब्दाने सगळा बाण सरळ झाला!

मंगळवार, १७ फेब्रुवारी

वरचे साहेब भिंत बघायला आले. डीपीने माझी ओळख करून दिली. 'आमची लेखिका.' आमची! साहेबांनी मोबाइलवर फोटो काढला.

कथेबद्दल नाही झाला कधी असा आनंद. लाज वाटते लिहायला, पण झाला.

बुधवार, १८ फेब्रुवारी

बाण उलटा चालवत गेले. साडेपाचचीच बस का? तर साडेसातचीही होती वाघोलीला. जानेवारीत बंद केली — खर्चकपात. रिलीजची वेळ मात्र तीच राहिली, सहा-साडेसहा. म्हणजे लांब राहणाऱ्या प्रत्येकाला दोनातलं एक: काम किंवा बस. हे कुणी ठरवलं? अ‍ॅडमिनच्या पोराने मेल काढून दाखवला. कपात समिती. सही — डीपी.

हसू आलं खरं तर. किती छान! शोधणाराच साखळीत! तो स्वतः किती खूश होईल, असं वाटलं. आनंदाने बाण काढला: कपात → साडेसातची बस बंद → साडेपाचची गर्दी.

डीपीने बघितलं. मग निळा मार्कर घेतला आणि माझा नवा बाण बाहेर ठेवून एक तुटक रेघ ओढली, सगळ्या भिंतीभर. 'प्रत्येक सिस्टिमला सीमा असते, राजनंदिनी. नाहीतर उद्या तू ब्रिटिशांपर्यंत जाशील. हे आपल्या हातात नाही, म्हणून बाहेर.'

'पण हे तर तुमच्याच हातात—'

'सीमा कुठे आखायची, यातच सगळी समज असते,' म्हणाला. हसला. टोपण लावलं मार्करला. टक्!

शुक्रवार, २० फेब्रुवारी

क्लायंटबरोबर कॉल. मी कोपऱ्यात. स्पीकरवर इंग्लंडचा माणूस, घसा साफ करत. डीपीने भिंतीचा फोटो पाठवला होता — तुटक रेघेच्या आतला. कापून.

माझा साप कुणी विचारलाच नाही. रकाने, टिका, कमी वेळ — सगळं 'बॅकग्राउंड'. त्या माणसाने एकच विचारलं, शेवटची तपासणी कुठे तुटली? आणि डीपी इंग्रजीत म्हणाला, शांतपणे, जसा माझ्याशी बोलतो तसा — दर शुक्रवारी एका ठिकाणी तपासणी अर्धवट सुटत होती, ते ठिकाण आम्ही शोधलंय, सुधारणा होईल.

ठिकाण. माणूस नाही म्हणाला. ठिकाण म्हणाला.

वाघोलीच्या बसला टेस्टिंगमधलं असं कोण आहे? एकच तर आहे.



सोमवार, २३ फेब्रुवारी

सत्याला एचआरने बोलावलं.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

कँटीनच्या मागे गाठलं तिला. उभ्या उभ्या बोलली. आवाज चढवला नाही, तेच वाईट.

'राजीनामा द्या म्हणाली ती बाई. दिला तर अनुभवाचं सर्टिफिकेट चांगलं देऊ. नाही तर लिहू, की दर शुक्रवारी तपासणी न करता टिक करत होती.'

'डीपीने फसवलं गं आपल्याला! त्याने शब्द—'

'नंदू.' थांबली. 'मी "त्या शुक्रवारी" म्हटलं होतं. तू "दर शुक्रवारी" लिहिलं.'

मी समजावायला लागले. घटना आणि पॅटर्न. खरंच समजावायला लागले! ती ऐकत होती. मग म्हणाली, 'दादाला काय सांगू? सणसवाडीला शिफ्टवर आहे तो. आमच्या घरात कंप्युटरवर बसणारी मी पहिली. त्याने सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय, आमची सत्या चुका शोधते. तोच पगार आहे तिचा.'

'भांड तू! सांग त्यांना, बस बंद कुणी केली!'

'तू सांग ना. भिंत तुझी आहे.'

बुधवार, २५ फेब्रुवारी

फोन उचलत नाही.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

गेले डीपीकडे. वही छातीशी धरून उभी राहिले, शाळेतल्यासारखी.

'नावं नाहीत म्हणाला होतात.'

'मी नाव घेतलं? एकदाही?'

'वाघोलीची बस म्हणजे—'

'ते तू लिहिलंस. मी "बस" चालवून घेतलं असतं.'

मी म्हटलं, साडेसातची बस तुम्ही बंद केलीत. रिलीजची वेळ बदलली नाहीत. तो बाण कुठाय?

'बस.' (मी बसले! मूर्ख!) 'हे बघ. क्लायंटला बदल दिसायला हवा होता. कागदावरचा नाही, खुर्चीतला. एक खुर्ची रिकामी झाली, आणि पूर्ण मजला वाचला. तूसुद्धा. हेही सिस्टिम थिंकिंगच आहे.'

'तुम्ही माझ्या कथा वाचल्यात,' म्हणाले मी. कुठून आलं हे, माहीत नाही.

'त्यात नायक नाही, म्हणूनच आवडल्या मला,' म्हणाला. 'त्यात कुणालाच काही होत नाही.'

बाहेर आले. लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं, भिंत मस्त झालीये हां!

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

विश्वासघात. हा शब्द मी कधी वापरत नाही, फार नाटकी. आज दहादा वापरला, मनात. त्याने माझ्याकडून ऐकून घेतलं, कारण लोक माझ्याशी खरं बोलतात. त्याला हे माहीत होतं. पहिल्या दिवशी भर सभेत म्हणाला तसं, आणि मला ते कौतुक वाटलं!

आणि सत्या? ती पण! एक शब्द बोलत नाही. ओरड ना माझ्यावर. चूक तुझी म्हण, माझी म्हण, त्याची म्हण. नुसती गप्प. मैत्रिणीने असं करायचं असतं?

सगळ्यांचाच राग येतोय.

शनिवार, २८ फेब्रुवारी

बाबा म्हणाले, 'जेवायचं नसेल तर ताट वाढून का घेतलंस?'

सांगितलं सगळं. एकदम सांगितलं. मला वाटलं टोमणा येईल. नाही आला. आतून कुठलासा जुना रेडिओ आणला, मागचं झाकण काढून समोर ठेवला, म्हणाले, 'उगाच हाताला काहीतरी असू दे.' दुपारभर मी त्याची धूळ पुसत बसले. लागला नाही तो.

संध्याकाळी मात्र टोमणा आलाच. 'त्या तुमच्या साहेबांना आमच्या गल्लीत दुकान टाकायला सांग. एवढ्या सफाईने डिफेक्टिव्ह माल दुसऱ्याच्या नावावर खपवणारा इथे नाही कोणी.'

सोमवार, २ मार्च

सत्या गेली. शुक्रवारीच गेली, मला आज कळलं. निरोपाचा केक नाही, मेल नाही. तिच्या बिल्डिंगमध्ये गेले तर जागेवर कुणीतरी दुसरं. की-बोर्डच्या फटीत पोह्याचे कण होते म्हणे तिच्या, तो पोरगा टिशूने पुसत होता.

तक्त्यात एक नवा रकाना आलाय. 'मी खरोखर तपासले आहे.' समोर टिक.

आणि पुढच्या आठवड्यापासून वाघोलीची बस शुक्रवारी साडेसातला सुटणार. डीपीचा मेल. 'अ‍ॅक्शन आयटम क्लोज्ड.' खाली सगळ्यांचे 'थँक्यू डीपी!' एकवीस जणांचे असतील, नाहीतर पन्नास. वाचले नाहीत.

बुधवार, ४ मार्च

राजीनामा लिहिला. दिला नाही. आधी सत्या. तिच्या घरी जाऊन सांगणार — मी तुझ्या बाजूने साक्ष देते. लेखी देते. कपातीचा मेल, कापलेला फोटो, सगळं. डीपीने दोघींना फसवलंय, हे तिला माझ्या तोंडून ऐकलंच पाहिजे. उद्या ऑफिसमधून थेट वाघोली.

त्या बसने. आजवर कधी बसलेच नाही मी तिच्यात.

गुरुवार, ५ मार्च

हे बसमध्येच लिहितेय, अक्षर हलतंय.

शेजारी अकाउंट्सची चैताली. बडबडी. मी विचारलं, सत्यशीला कुठे बसायची गं?

'सत्यशीला? ती कुठे यायची या बसला! साडेसातची बंद झाल्यापासून पीएमटी. काम टाकून निघायची नाहीच ती, तीन-तीन बस बदलत जायची बिचारी. एकदाच आली होती या बसला. मागच्या महिन्यात, एका शुक्रवारी. कसली पळत आली! जागा नव्हती, दारातच उभी राहिली. वाघोलीपर्यंत पण नाही आली, शिवाजीनगरलाच उतरली.'

'शिवाजीनगरला?'

'हो ना. मैत्रिणीचं काहीतरी वाचन होतं म्हणे. मी म्हटलं, अगं एवढं काय, पुढच्या वेळी जा. तर म्हणाली, नाही गेले तर बोलणार नाही ती.'

शिवाजीनगर आलं. गेलं.

'तू कुठे उतरणार?' चैताली विचारतेय.